आसन, कांती आणि इतर हक्क

मोटार कोणाची, या प्रश्नाचे उत्तर परिवहन खात्याच्या दप्तरी एका ओळीत मिळते. परंतु जमीन कोणाची या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलुखात सातबाऱ्याच्या उताऱ्यावरूनही धडपणे लागत नाही, आणि त्यापायी तीन-तीन पिढ्या तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहतात, त्या मुलुखात वाढलेल्या माणसाने तसल्या एका ओळीवर विसंबून राहणे हे धाडसच म्हटले पाहिजे. आमच्या शेजारी महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ राहतात; सारी सोसायटी त्यांना ‘सर्कलसाहेब’ म्हणते, आणि फेरफाराच्या नोंदी मंजूर-नामंजूर करण्यात उभी हयात गेल्यामुळे जगातील यच्चयावत वस्तूंकडे ते त्याच दृष्टीने पाहतात. त्यांचे म्हणणे असे, की मोटारीच्या आर. सी. बुकातली मोठी उणीव म्हणजे त्यात ‘इतर हक्क’ हा रकानाच नाही. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी कुळे, बोजे, विहिरीच्या पाण्याचे हिस्सेदार अशा सर्वांची दाद लागते. मोटारीच्या पुस्तकात मात्र बँकेचा बोजा तेवढा इमानाने चढवतात, आणि पुढच्या आसनाची प्रत्यक्ष वहिवाट कोणाची, टपावर वावर कोणाचा, बॉनेटवर कुंकू लावण्याचा वंशपरंपरागत अधिकार कोणाकडे, याविषयी ते पुस्तक कमालीचे मौन पाळते. माझ्या स्वतःच्या अनुभवावरून मला असे निश्चयपूर्वक म्हणता येईल, की मोटारीचा अंतर्भाग कुटुंबाच्या ताब्यात असतो, बहिर्भाग गावाच्या ताब्यात असतो, आणि मालकाच्या वाट्याला हप्ते येतात.

आसन पुढेमागे सरकवण्याचा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीला फारसा छळीत नसे. उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट, जिला १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे राजघराण्यातले नाव मिळाले, या दोन्ही गाड्यांचा गिअर दीर्घकाळ स्टिअरिंगच्या दांड्यावर होता; त्यामुळे पुढच्या बाजूला मधे काही अडचण नसे, आणि चालक, घरातले वडीलधारे व त्या दोघांच्या मधे दाबून बसवलेले एखादे पोर अशी तिघांची बैठक बिनबोभाट पार पडे. चालक ठेंगणा असला तर पाठीशी उशी घेई, उंच असला तर गुडघे फाकवून बसे. माणसाने गाडीसाठी सरकावे, गाडीने माणसासाठी सरकू नये, असा शिरस्ता होता. सरकारी अँबॅसिडरमध्ये तर पुढच्या आसनाला काही दर्जाच नव्हता; सत्तेचे अधिष्ठान मागच्या बाजूला असे आणि तिथे पाठीवर घातलेल्या पांढऱ्या टर्किश टॉवेलच्या शुभ्रतेवरून आत बसलेल्या साहेबांच्या हुद्द्याचा अंदाज बांधता येई. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, गिअर दोन आसनांच्या मधे उतरला, बाक दुभंगले, आणि ज्याचे त्याला स्वतंत्र रूळ मिळाले. एकत्र कुटुंबपद्धतीच्या ऱ्हासाची मीमांसा करणाऱ्या विद्वानांनी शिक्षण, नोकरी, शहरीकरण अशी नाना कारणे सांगितली. परंतु दोन आसनांमधल्या त्या वीतभर फटीकडे त्यांचे लक्ष गेलेले माझ्या पाहण्यात नाही.

या रुळांची रचना मुळात साधी आहे. आसनाच्या पुढच्या कडेखाली हात घातला की एक आडवी लोखंडी दांडी हाताला लागते. ती वर उचलली की रुळावरच्या खाचेत रुतलेला दात सुटतो, आसन मोकळे होते, आणि दांडी सोडली की तो दात जवळच्या दुसऱ्या खाचेत ‘खट्’ असा आवाज करून बसतो. रूळ दोन असल्यामुळे हा ‘खट्’ दोन्ही अंगांनी यावा लागतो. एका बाजूचा दात बसला आणि दुसऱ्या बाजूचा अधांतरी राहिला, तर पहिल्या करकचून लावलेल्या ब्रेकसरशी आसन आपल्या स्वारासह पुढे कूच करण्याचा संभव असतो, आणि म्हणून जुने मुरलेले ड्रायव्हर दांडी सोडल्यावर कमरेचा एक हिसका देऊन खातरजमा करून घेतात. इथपर्यंत सारे शास्त्रशुद्ध आहे. परंतु मनुष्यमात्राला सुखावह होईल असे नेमके स्थान दोन खाचांच्या बरोबर मधोमध असते, हा जो निसर्गाचा नियम आहे, त्याचा विचार कोणत्याही कारखान्याने आजवर केलेला दिसत नाही. शिवाय दांडी शोधणारा हात सहसा रिकामा परत येत नाही. फास्टॅग येण्यापूर्वीच्या टोलनाक्यांच्या पावत्या, हॉटेलच्या बडीशेपेची अर्धी पुडी, एक रुपयाची दोन नाणी, टोपण हरवलेले पेन आणि पेन हरवलेले टोपण असे सगळे जुने दप्तर त्या रुळांच्या आडोशाला साचलेले असते, आणि आसन मागे जायला अडू लागले की यांपैकी कोणता कागद खाचेत अडकला आहे याची रीतसर चौकशी करावी लागते.

सरकणाऱ्या आसनाची आवश्यकता शास्त्रीय रीतीने सिद्ध झाली ती मोटारीत नव्हे, विमानात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेच्या हवाईदलाने ४,०६३ वैमानिकांची अंगे मोजली. सरासरी उंची, सरासरी छाती, सरासरी हात अशी मापे काढून त्यांवर बैठक बेतावी, हा विचार त्या वेळी सर्वमान्य होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या एका तरुण लेफ्टनंटाने त्यांतली १० मापे निवडली आणि या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती, हे शोधले. उत्तर आले शून्य. ज्या सरासरी माणसासाठी बैठक तयार करायची, तो माणूस चार हजारांच्या मेळ्यात एकही निघाला नाही; त्याचे हात बेताचे तर पाय लांब, आणि पाय बेताचे तर छाती रुंद. डॅनियल्सचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला, आणि माणसाला बैठकीत कोंबण्याऐवजी बैठकच माणसाला जुळवून घेता येईल अशी हवी, हा विचार मान्यता पावला. हवाईदलाने चार हजारांवर माणसे मोजून जो सिद्धांत मांडला, तो आमच्या घरात चारच माणसांच्या बळावर, आणि बराच अधिक आवाज होऊन, सिद्ध झालेला आहे.

आमचे चिरंजीव अंगाने उंच आहेत आणि वृत्तीने त्याहून ऐसपैस. ते गाडी चालवून आले म्हणजे आसन शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेलेले, पाठ अशी कललेली, की बाहेरून पाहणाऱ्यास खिडकीच्या कडेवर फक्त एक कपाळ वाहन चालवीत असल्याचा भास व्हावा. त्यांच्यामागून सौभाग्यवती गाडीत बसतात. त्यांचा पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही, आरशात त्यांना रस्त्याऐवजी गाडीचे छत दिसते, आणि मग खिडकीतून माझ्याकडे पाहून, “अहो, ही गाडी आहे का आरामखुर्ची? सांगा ना त्याला काहीतरी,” असा हुकूम सुटतो. त्या आसन पुढे घेतात ते थेट स्टिअरिंगला भिडेपर्यंत. ड्रायव्हिंग शिकवणारे सांगतात, की क्लच पुरता दाबल्यावरही गुडघ्यात किंचित बाक राहावा, खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोहोचावे, आणि एअरबॅग फुटली तर तिचा तडाखा बसू नये म्हणून छाती व स्टिअरिंग यांत निदान दहा इंच अंतर असावे. उंचीने बेताच्या माणसाची यात मोठी कुचंबणा होते. क्लच म्हणतो पुढे या, एअरबॅग म्हणते मागे सरा, आणि दोन्ही खात्यांचे हुकूम एकाच वेळी लागू असतात. पाठ थोडी उभी करून हात जरा खाली धरले म्हणजे यातून मार्ग निघतो, असे मी सुचवून पाहिले. परंतु सूचना बरोबर असली तरी ती करणारा सक्षम अधिकारी नव्हे, या मुद्द्यावर ती दाखल होण्याआधीच निकालात निघाली. डोक्यामागच्या उशीचे तर कार्यच निराळे आहे. मागून धडक बसली असता मान झटक्याने मागे जाऊ नये म्हणून ती डोक्याच्या वरच्या पातळीपर्यंत उचलून ठेवायची असते. आमच्याकडे तिच्या दोन दांड्यांना भाजीची पिशवी अडकवतात.

या कलहावर उपाय म्हणून घरात एक तहनामा झाला होता. ज्याने गाडी शेवटी चालवली त्याने आसन पूर्ववत करून ठेवावे, असे त्यातले मुख्य कलम होते. परंतु पूर्ववत म्हणजे कोणाच्या पूर्वीसारखे, हे तहात नमूद करायचे राहून गेले, आणि सर्कलसाहेबांच्या मते एवढ्या एका त्रुटीवर हा तह कोणत्याही अपिलात टिकला नसता. पैसेवाल्यांच्या गाड्यांत हल्ली विजेवर हलणारी आसने असतात आणि प्रत्येकाची मापे स्मरणात ठेवणारी बटणे असतात. ही कल्पनाही काही कालची नव्हे, १९५७ साली अमेरिकेतल्या मर्क्युरीच्या टर्नपाइक क्रूझर या गाडीत चालकाचे आसन दोन चकत्या फिरवून ४९ प्रकारे लावता येत असे. एकोणपन्नास स्थानांची सोय आमच्याकडे असती तर तंटे एकोणपन्नास झाले असते, इतकेच.

मागच्या आसनावरच्या जनतेची कैफियत निराळी आहे. पुढचा माणूस आसन मागे घेतो तेव्हा ती जागा कुठून तरी उत्पन्न होत नाही. ती मागच्याच्या गुडघ्यांतून संपादित केलेली असते, आणि भूसंपादनाच्या इतर प्रकरणांप्रमाणे हिच्यातही मोबदला मिळत नाही. शेतकऱ्यांत बांध कोरण्याची जी एक कला आहे, म्हणजे दर नांगरणीला शेजाऱ्याच्या हद्दीत फक्त एक तास आत शिरायचे आणि भाऊबंदाच्या ध्यानात येईपर्यंत गुंठाभर जमीन आपली करून टाकायची, तिचे सर्वांत सुंदर दर्शन पुणे ते कोल्हापूर या प्रवासात घडते. खंबाटकीच्या घाटात एक खाच, कराडला चहा झाल्यावर एक खाच, आणि कागलच्या पाहुण्यांचे नाव निघेपर्यंत मागे बसलेल्या मावशींचे गुडघे हनुवटीला लागलेले. मागच्या तिघांत मधे बसणारा तर कुठल्याच हक्काचा धनी नसतो. त्याच्या पायाखाली उंचवटा, पाठीला हात टेकायची घडी आणि दोन्ही खांद्यांवर दोन झोपी गेलेली डोकी. त्या जागी कुटुंबातले सर्वांत लहान किंवा सर्वांत भिडस्त माणूस बसते, आणि नवा जावई कोणत्या प्रकारचा आहे हे पहिल्या प्रवासात त्यावरून कळून येते.

बहिर्भागाची अवस्था याहून बिकट आहे, कारण आत निदान प्रतिवादी ओळखीचे असतात.

मोटारीची जी कांती पाहून आपण हरखतो, ती पत्र्यावर चढवलेल्या काही पातळ थरांची करणी असते. तळाशी प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. या सगळ्यांची मिळून जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून फार अधिक भरत नाही. चकाकी असते ती त्या सर्वांत वरच्या, केसाहूनही बारीक थराची. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे जे कण असतात ते या थरापेक्षा कठीण असतात, आणि म्हणून कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे तिला रोज सकाळी नाजूक हाताने पॉलिशपेपर मारणे होय. शास्त्र असे सांगते, की आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग टपापासून सुरुवात करून खाली यावे, चाकांजवळचा खरखरीत भाग सर्वांत शेवटी घ्यावा, एका बादलीत साबण व दुसऱ्या बादलीत फडके खळबळायला साधे पाणी ठेवावे, आणि हे सर्व सावलीत करावे.

सोसायटीत पहाटे गाडी पुसायला येणाऱ्या इसमाजवळ एक बादली, एक फडके आणि पंचवीस गाड्या असतात. त्याच्या बादलीतले पाणी पहिल्या गाडीला पाणी असते. पुढे ते उत्तरोत्तर सत्त्व धारण करीत जाते, आणि आमच्या पाळीपर्यंत त्यात डॉक्टरांच्या गाडीची हडपसरची धूळ, वकिलांच्या गाडीची शिवाजीनगरची आणि प्राध्यापकांच्या गाडीची, ती कुठेच जात नसल्यामुळे, केवळ जागेवरची, अशी तिन्ही एकजीव झालेली असते. गाडी पुसल्याची पावती म्हणून तो पुढच्या काचेवरचे दोन्ही वायपर उभे करून ठेवतो. थंडीच्या दिवसांत कधीकधी गाडी कोरडी ठणठणीत, कालचीच धूळ अंगावर बाळगून असते, आणि वायपर मात्र उभे असतात. चिरंजीवांनी एकदा त्याला दोन बाद­ल्यांचे शास्त्र, मायक्रोफायबरचे फडके आणि वर्तुळाकार ओरखड्यांची उत्पत्ती असे सर्व समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “दादा, आजपर्यंत एका गाडीनं तक्रार केली नाही.”

मात्र एका प्रसंगी धुण्याची सक्त मनाई असते. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाडीच्या दारांवर चाकांमागून उडालेला तांबड्या मातीचा जो सडा असतो, तो पुण्या-मुंबईत परतल्यावर निदान आठवडाभर कोणी उतरवीत नाही. वास्तविक किनाऱ्याकडची खारी हवा सोसून आलेली गाडी खालून आधी धुवावी, कारण दारांच्या खालच्या कडांना गंज तिथूनच धरतो. परंतु घर, देवघर आणि नारळीची चार झाडे अद्याप आपल्या नावावर असल्याचा तो चालताबोलता दाखला असल्यामुळे गंजाची भीती कोण धरतो?

गाडी उभी कुठे करावी, हा एक शाश्वत पेच आहे. उन्हात ठेवली तर रंग विटतो, आणि झाडाखाली ठेवली तर झाडावर जे राहतात त्यांचा अंमल सुरू होतो. पर्जन्यवृक्षाखाली ठेवली तर पानांवरच्या किडींचा चिकट स्राव सगळ्या काचेवर उतरतो. गुलमोहराखाली ठेवली तर वैशाखात पाकळ्यांचा खच पडतो आणि ओल्या पाकळीचा डाग टपावर तिच्या आकारानिशी उमटतो. राहता राहिला कावळा. पितृपक्षात ज्याने पिंडाला शिवावे म्हणून अवघे घर गच्चीवर हात जोडून, गेलेल्यांच्या अपुऱ्या इच्छा एकेक करून मोठ्याने बोलत उभे असते, तो त्या पंधरवड्यात येत नाही तो नाहीच. आणि उरलेल्या वर्षात विनाआमंत्रण, विनाआर्जव, नेमका नव्या पॉलिशवर शिवून जातो. त्याच्या या नैवेद्यात यूरिक आम्ल असते. दुपारच्या उन्हाने क्लिअर कोट किंचित मऊ पडून फुगतो, वरचा ऐवज वाळून कडक होतो, आणि संध्याकाळी तो थर पुन्हा आकसतो तेव्हा त्याच्या अंगावर त्या ऐवजाचा ठसा कायम राहतो. असे डाग खरवडायचे नसतात. ओले फडके त्यावर दहा मिनिटे ठेवून, ते भिजले म्हणजे अलगद उचलायचे असतात. आमच्या मातोश्री हे काम कोणालाही करू देत नाहीत. “राहू दे रे, तुझ्या आजोबांची काही इच्छा राहिली असेल,” असे म्हणून त्या स्वतः भिजवलेला पंचा घेऊन खाली उतरतात, आणि बॉनेट पुसता पुसता आजोबांना दोन गोष्टी सुनावतात.

या सर्व शत्रूंपासून अभय देणारी कवचे बाजारात मिळतात. पूर्वी नवी गाडी घेताना टेफ्लॉनचा आग्रह होई, हल्ली सिरॅमिकचा होतो. एका दुकानातल्या टायवाल्या तरुणाने मला सांगितले, की त्यांच्या लेपाची कठीणता ‘नाइन एच’ आहे. हा आकडा ऐकून माणूस दबतो. वास्तविक ती शिसपेन्सिलींची प्रतवारी आहे. निरनिराळ्या कठीणपणाच्या पेन्सिली लेपावर ठराविक कोनात दाबून ओढतात, आणि ९एच या अतिकठीण पेन्सिलीनेही रेघ उमटली नाही तर लेप त्या प्रतीचा ठरतो. आमच्या गाडीवर पेन्सिलीने लिहायला आजवर कोणी आलेले नाही. सायकलच्या हँडलची मूठ, दुधाच्या किटल्या, क्रिकेटचा चेंडू, एकदा लक्ष्मी रस्त्यावर भर गर्दीत एका म्हशीचे शिंग, एवढेच हक्कदार आजवर हजर झाले, आणि यांची प्रतवारी कोणत्याच कंपनीने केलेली नाही. लेखनाचे म्हणाल तर ते बोटाने होते. मागच्या काचेवरच्या धुळीत एकदा कोणी ‘गाडी धूवा’ असे लिहून गेले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्यातला दीर्घ ऊकार दुसऱ्या बोटाने खोडून ऱ्हस्व केलेला, आणि तिसऱ्या दिवशी त्याखाली तिसऱ्याच अक्षरात, ‘आधी स्वतःची धुवा’. त्या आठवड्यात मी गाडी धुऊ दिली नाही, कारण चर्चा चांगल्या पातळीवर चालली होती.

दसऱ्याच्या दिवशी मात्र सर्व लेप, सर्व प्रती आणि सर्व शास्त्रे रद्दबातल होतात. सकाळी झेंडूचा हार बंपरला सुतळीने करकचून बांधला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, पुढे नारळ वाढवला जातो, आणि मातोश्री पाण्यात कालवलेल्या कुंकवाने बॉनेटच्या मध्यभागी अनामिकेने स्वस्तिक रेखाटतात. त्याच्या चार भुजा समप्रमाण होईपर्यंत त्या बोट पुन्हा पुन्हा फिरवतात. ते दिवसभर उन्हात वाळते, संध्याकाळी पुसायला गेल्यास “आजच्या दिवस असू दे” असे फर्मान निघते, आणि दुसऱ्या दिवशी पुसल्यावर कुंकू जाते, आकृती राहते. पुढच्या वर्षी जुन्याच रेघांवर नवे कुंकू चढते. श्रद्धा आणि क्लिअर कोट यांच्या दाव्यात मी क्लिअर कोटच्या बाजूने कधीही साक्ष दिलेली नाही, आणि घरात राहायचे असेल तर कोणी देऊ नये.

गेल्या मार्गशीर्षात ती गाडी विकायची ठरली. खरेदीवाल्या कंपनीकडून एक मुलगा आला; त्याच्या हातात रंगाची जाडी मोजणारे चपटे यंत्र होते. पत्र्यावर ते टेकवले की किती मायक्रॉन रंग आहे हे आकड्यात दिसते, आणि मूळ कारखान्याचा रंग कुठला व गॅरेजमधल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा कुठला, हे त्यावरून उघडे पडते. सगळीकडे एकशेवीसच्या आसपास आलेला आकडा मागच्या उजव्या दारावर तीनशेच्या वर गेला. म्हशीचे प्रकरण मी त्याला सविस्तर सांगितले. त्याने ‘रिपेंट’ एवढेच लिहिले. मग तो आत बसला, आणि कोणाचीही परवानगी न घेता खाली हात घालून आसन दोन खाचा मागे नेले. सौभाग्यवती आणि चिरंजीव, ज्यांचे या विषयावर आजवर कधी एकमत झाले नव्हते, ती दोघे त्याच्याकडे एकाच नजरेने पाहू लागली. शेवटी तो बॉनेटपाशी आला, मान तिरपी करून उजेडात बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, हे काय आहे? पॉलिशनं जाईल का?”

“त्याला हात लावायचा नाही,” मातोश्री गॅलरीतून म्हणाल्या. “घेणाऱ्याला लाभेल ते. त्याचे वेगळे पैसे धर.”

मुलगा क्षणभर घुटमळला. त्याच्या फॉर्ममध्ये ओरखडा, पोचा, गंज आणि डाग एवढ्याच चार चौकटी होत्या. त्याने ‘डाग’ या चौकटीवर खूण केली, शेऱ्याच्या जागेत काहीतरी खरडले आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे केला. सर्कलसाहेब खांद्यावरून वाकून पाहतच होते. त्यांनी चष्मा लावून तो शेरा मोठ्याने वाचला, “बॉनेट, एक डाग, धार्मिक,” आणि नोंद कायम करायला हरकत नाही असा निर्वाळा दिला.